एचआयव्हीची रोजची गोळी जवळच्या फार्मसीत का मिळत नाही?

गोव्यात म्हापशापासून काणकोणपर्यंत कुठल्याही बाजारात जा, रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची गोळी पाच मिनिटांत हातात पडते. एचआयव्हीच्या गोळीचं तसं नाही. फार्मसीवाला चिठ्ठी दोनदा वाचतो, संगणकात नाव टाकून बघतो आणि म्हणतो, ‘‘हे आमच्याकडे येत नाही. मागवावं लागेल.’’ किती दिवस लागतील असं विचारलं, तर ‘‘स्टॉकिस्टला विचारून सांगतो.’’ आणि घरच्या बाटलीत चारच गोळ्या उरलेल्या असतात.

औषध दुर्मिळ आहे म्हणून असं होतं का? मुळीच नाही. जगातल्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत एचआयव्हीवरची जी जेनेरिक औषधं वापरली जातात, त्यांतली बहुतेक भारतीय कंपन्या बनवतात. २००१ साली सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. त्याच उपचारासाठी मूळ कंपन्या तेव्हा दहा हजार डॉलरच्या आसपास घेत होत्या. पुढे २०१७ मध्ये आजच्या मुख्य गोळीचा दर सरकारी खरेदीसाठी माणशी वर्षाला साधारण ७५ डॉलरवर आला. म्हणजे औषध आहे, देशातच बनतं आणि स्वस्तही आहे. ते तुमच्या कोपऱ्यावरच्या फार्मसीपर्यंत का येत नाही, हे समजायला आधी ते कुठल्या वाटेने फिरतं ते बघावं लागतं.

गोळी कोणती, आणि खंड का चालत नाही

आज भारतात एचआयव्हीचा उपचार सुरू होतो तो बहुतेक वेळा ‘टीएलडी’ या गोळीने. एका गोळीत तीन औषधं असतात: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. दिवसातून एकदा, रोज, साधारण ठरलेल्या वेळी घ्यायची. यापूर्वी डोल्युटेग्राविरच्या जागी एफाविरेंझ असलेली ‘टीएलई’ ही गोळी चालायची. सरकारी कार्यक्रमाने २०२० पासून हळूहळू रुग्णांना टीएलडीवर आणलं.

ही औषधं विषाणू मारून संपवत नाहीत, त्याची वाढ रोखून धरतात. आपल्याकडच्या खाजन शेतीचा बांध जसा खारं पाणी बाहेर थोपवतो, तसं हे काम आहे. बांध उभा आहे तोवर आत भात पिकतं, पण पाणी पलीकडे असतंच. रोज गोळी घेणाऱ्याच्या रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, इतकं खाली जातं की तपासणीत ते सापडत नाही. ते तसंच खाली राहिलं तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. माणूस नोकरी करतो, लग्न करतो, मुलं होतात आणि तो म्हातारा होईपर्यंत जगतो.

गोळीत खंड पडला की विषाणू पुन्हा वाढू लागतो. रक्तात औषध अर्धवट प्रमाणात उरलेलं असताना तो वाढला, तर त्या औषधाला न जुमानणारा प्रकार तयार होण्याचा धोका असतो. लॅमिवुडिनच्या बाबतीत हे फार लवकर घडू शकतं. डोल्युटेग्राविर या बाबतीत बरंच चिवट आहे, त्यामुळे एखादा दिवस चुकला म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही. चुकलेली गोळी आठवल्याबरोबर घ्यावी. मात्र पुढच्या गोळीची वेळ झाली असेल तर दोन एकदम घेऊ नयेत. खरा धोका आहे तो ‘फार्मसीत आलं नव्हतं’ म्हणून दर महिन्याला पाच-सहा दिवस सुटण्यात.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन ही दोन्ही औषधं हिपॅटायटिस बीच्या विषाणूवरही चालतात. एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाची गोळी अचानक बंद झाली, तर यकृताला गंभीर सूज येऊ शकते. आपल्याला हिपॅटायटिस बी आहे की नाही, हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारून घेतलंच पाहिजे.

औषधाच्या दोन वाटा

मुख्य वाट सरकारी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, निविदा काढून औषध घाऊक विकत घेते आणि ते थेट एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीचा उपचार देणाऱ्या सरकारी केंद्रांत, पोचतं. १ एप्रिल २००४ पासून हा उपचार देशात मोफत मिळतो. सुरुवातीला रक्तातल्या सीडी४ पेशींचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचं, प्रमाण ठरावीक आकड्याखाली गेल्यावरच औषध मिळायचं. २०१७ पासून ती अट नाही, तपासणीत एचआयव्ही निघाला की उपचार सुरू. उत्पन्नाचीही अट नाही. गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, आणि मडगावच्या दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळात एआरटी केंद्रं आहेत. गोमेकॉत दोडामार्ग-सावंतवाडीकडची माणसंही उपचारासाठी येतात.

दुसरी वाट खासगी. कंपनीकडून तिच्या डेपोला, डेपोकडून स्टॉकिस्टला, स्टॉकिस्टकडून फार्मसीला. बाकीची सगळी औषधं याच वाटेने येतात. पण उपचार घेणारे बहुसंख्य लोक सरकारी केंद्रातून औषध घेत असल्यामुळे या वाटेवर गिऱ्हाईक फारच थोडं उरतं. एका तालुक्यात एखाद्या विशिष्ट गोळीची बाटली विकत घेणारे दोन-तीन जण असतील, कदाचित एकही नसेल.

आता फार्मसीवाल्याच्या जागी उभे राहून बघा. टीएलडी सहसा तीस गोळ्यांच्या बंद बाटलीत येते. आत ओलावा शोषणारी पुडी असते आणि गोळ्या त्याच बाटलीत ठेवायच्या असतात. पट्टी कापून दहा गोळ्या द्याव्यात तसं इथे करता येत नाही. बाटली घेतली आणि नेहमीचा माणूस पुढच्या महिन्यात आलाच नाही, तर ती फडताळात पडून राहते आणि एक्सपायरीची तारीख जवळ येते. स्टॉकिस्टचं गणितही असंच. त्याच्याकडे मागणी साचल्याशिवाय तो कंपनीला ऑर्डर टाकत नाही. म्हणून ‘दोन दिवसांत येईल’चे आठ दिवस होतात. मध्ये चवथ आली, की कंपनीचा डेपो, वाहतूकदार, स्टॉकिस्ट आणि दुकान यांच्या सुट्ट्या एकापुढे एक लागतात.

म्हणून माझं मत असं, की ‘नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक फार्मसीवाल्यावर राग काढू नये. त्याच्याकडे माल नसणं हा भेदभाव नव्हे. पण चिठ्ठीवरचं नाव वाचून चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने ‘‘हे कोणासाठी?’’ असं विचारणं, मागवून द्यायला नकार देणं किंवा शेजारच्या दुकानदाराला जाऊन सांगणं ही वेगळी बाब आहे. एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून आरोग्यसेवा नाकारायला या कायद्याने मनाई आहे. विश्वासाच्या नात्यातून कळलेली ही माहिती त्या माणसाच्या संमतीशिवाय उघड करायलाही मनाई आहे. तक्रारी ऐकण्यासाठी प्रत्येक राज्याने लोकपाल नेमावा, अशी तरतूदही त्यात आहे.

मग लोक खासगी वाटेला जातात कशाला?

मोफत औषध बांबोळीत आणि मडगावात असताना कुणी स्वतःच्या पैशाने बाटली का शोधत फिरावं? कारणं बरीच आहेत. जहाजावर काम करणारा माणूस सहा-आठ महिन्यांसाठी बाहेर जातो आणि त्याला एकदम तेवढा साठा लागतो. हॉटेलात काम करणारा परराज्यातला मुलगा त्याच्या गावच्या केंद्रात नोंदलेला असतो. परदेशातून आलेल्या एखाद्याची गोळी आपल्या सरकारी यादीतच नसते. काहींचा वर्षानुवर्षांचा डॉक्टर खासगी असतो. आणि ज्याला रोजंदारीवर जावं लागतं, त्याच्यासाठी पेडण्याहून बांबोळीला किंवा काणकोणहून मडगावला जाऊन-येऊन रांगेत थांबणं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणं.

पण सगळ्यांत मोठं कारण भीती आहे. गोवा लहान आहे. इस्पितळाच्या व्हरांड्यात बसलं की गावचा कुणीतरी भेटतोच, आणि ‘‘इथे कसा काय?’’ हा प्रश्न येतोच.

या भीतीला इथे इतिहासही आहे. डॉमिनिक डिसोझा हा पर्रा गावचा तरुण नेमाने रक्तदान करायचा. १९८९ साली त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला. तेव्हाच्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्ही असलेल्या माणसाला सक्तीने वेगळं ठेवण्याची तरतूद होती. त्या कायद्याखाली पोलिसांनी त्याला उचललं आणि म्हापशाच्या बंद पडलेल्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवलं. गुन्हा काहीच नव्हता. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, उच्च न्यायालयात दाद मागितली. सुटल्यावर त्याची नोकरीही गेली. तो गप्प बसला नाही, १९९२ मध्ये त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. आज कुणालाही असं डांबता येत नाही. पण ज्यांच्या लहानपणी ही गोष्ट घराघरात बोलली गेली, त्यांना इस्पितळाच्या रांगेत नाव पुकारलं जाण्याची धास्ती वाटली, तर त्यांना दोष देता येणार नाही.

तरीही मी आग्रहाने सांगेन, की एआरटी केंद्रात नाव नोंदवा. सल्ल्यासाठी खासगी डॉक्टरांकडे जात राहिलात तरी नोंदवा. खासगी वाट बारीक आहे आणि ती कधी बंद पडेल याचा नेम नाही. नोंदणीसाठी आधी सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात चाचणी होते, मग कार्ड मिळतं. व्हायरल लोडची तपासणीही तिथे मोफत होते. पहिल्यांदा सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा.

सरकारी वाटही कधीच अडत नाही असं मात्र नाही. २०२२ मध्ये खरेदीच्या निविदा रखडल्या आणि देशात अनेक ठिकाणी काही औषधांचा तुटवडा पडला. महिन्याच्या जागी थोड्याच दिवसांच्या गोळ्या हातात पडू लागल्या. त्या वर्षी जुलैपासून दिल्लीत नाकोच्या कार्यालयासमोर रुग्णांनी महिन्याहून अधिक काळ धरणं धरलं. अशा वेळी पर्याय म्हणून बाजारात माल असणं किती गरजेचं आहे, ते तेव्हा दिसलं. म्हणून दोन्ही वाटा सुरू राहायला हव्यात.

काउंटरवर होणाऱ्या चुका

औषध न मिळण्यापेक्षा चुकीचं मिळणं अधिक वाईट. फार्मसीत नुसतं टेनोफोविर बहुधा सापडतं, कारण ते हिपॅटायटिस बीसाठी विकलं जातं. चिठ्ठीवर टीएलडी आहे, दुकानात नुसतं टेनोफोविर आहे आणि कुणीतरी म्हणतं, ‘‘तोवर हे घ्या, कंटेंट त्यातलाच आहे.’’ हे कधीही घेऊ नका. एचआयव्हीवर एकटं एक औषध घेणं म्हणजे विषाणूला त्या औषधाची ओळख करून देणं. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन अशा दोनच औषधांची गोळीही मिळते, पण तीही एकटी पुरी पडत नाही. डोल्युटेग्राविर आणि लॅमिवुडिन या दोनच औषधांवर काही रुग्णांना ठेवलं जातं, पण तो निर्णय तपासण्या बघून डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

टेनोफोविरचेही दोन प्रकार आहेत. एक ३०० मिलिग्रॅमचं जुनं डायसोप्रॉक्सिल आणि दुसरं २५ मिलिग्रॅमचं अ‍ॅलाफेनामाइड. आकड्यात एवढा फरक दिसला की गोंधळ उडतो. दोन्ही चालणारी औषधं आहेत, पण आपल्या मनाने अदलाबदल करायची नाही. कंपनी बदलली तर मात्र घाबरू नका. तिन्ही औषधं तीच आणि मिलिग्रॅम तेवढेच असतील, तर बाटलीवरचं ब्रँडचं नाव कोणतंही असो. म्हणूनच फोनमध्ये ब्रँडचं नाव लिहून ठेवण्यापेक्षा बाटलीच्या ज्या बाजूला घटक छापलेले असतात, तिचा फोटो ठेवा. फार्मसीवाल्यालाही त्याने शोधणं सोपं जातं.

दोन वाटा वेगळ्या असण्यातून आणखी एक अडचण येते. तुमची एचआयव्हीची गोळी बांबोळीहून येते आणि बाकी सगळं घरासमोरच्या फार्मसीतून. तुम्ही ही गोळी घेता हे त्या फार्मसीवाल्याला ठाऊकच नसतं. तो पित्तासाठी अँटासिड देतो, कंबर दुखते म्हणून कॅल्शियम देतो, रक्त कमी आहे म्हणून लोह देतो. यांतली अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह ही द्रव्यं डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट उतरत नाही. उपाय सोपा आहे. एचआयव्हीची गोळी या औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. कॅल्शियम किंवा लोह जेवणाबरोबर घेत असाल, तर त्याच जेवणासोबत डोल्युटेग्राविरही चालतं. अँटासिडला ही सवलत नाही.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण डोल्युटेग्राविरमुळे वाढतं, म्हणून त्याचा डोस सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू झालं, तर डोल्युटेग्राविरची आणखी एक ५० मिलिग्रॅमची गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. ही सुटी गोळी बाहेर शोधत बसू नका, एआरटी केंद्रात मागा. दुसऱ्या टप्प्याचा, म्हणजे पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावरचा, उपचार घेणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. त्यातल्या अ‍ॅटाझानाविरला पोटात आम्ल लागतं आणि आपल्याकडे सहज घेतलं जाणारं पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल तेच कमी करतं. रिटोनाविर असलेल्या उपचारात अर्धशिशीची अर्गोटामिन असलेली गोळी धोकादायक ठरू शकते, आणि दम्याच्या पंपातलं फ्लुटिकासोनही अंगात साठतं. म्हणून एका फार्मसीवाल्याला तरी विश्वासात घ्यावं. ते नको वाटत असेल, तर कोणतंही नवं औषध सुरू करण्याआधी एआरटी केंद्रातल्या फार्मासिस्टला विचारावं.

गोळ्या संपत आल्या असतील तर

शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नका. खासगीतून घेत असाल तर बाटलीत दहा-बारा गोळ्या असतानाच पुढची मागवा. पावसाळ्यात आणि चवथीच्या आधी आणखी लवकर. गावातल्या दुकानात लाज वाटते म्हणून दुसऱ्या शहरातून घेणं यात चूक काही नाही. पणजी-मडगावच्या मोठ्या फार्मसीत मागवून मिळण्याची शक्यता जास्त असते. कुठे मिळेल हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, कारण त्यांचे बाकीचे रुग्णही कुठून तरी घेतच असतात. ऑनलाइन मागवलं तर बाटलीचं सील, एक्सपायरी आणि घटक तिन्ही तपासा. ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेली सरकारी बाटली कुणी विकत असेल तर घेऊ नका.

एआरटी केंद्रात नोंदलेल्या आणि प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला एकापेक्षा जास्त महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. आपण होऊन विचारा. प्रवासाला जाताना कार्ड सोबत ठेवा. दुसऱ्या राज्यातल्या केंद्रातून अधल्या-मधल्या काळापुरतं औषध घेता येतं आणि कायमचं स्थलांतर असेल तर नोंदणीही हलवता येते. गोव्यात कामाला आलेल्या मुलाने गावी जाऊन येईपर्यंत औषध बंद ठेवण्याची काही गरज नाही. कार्ड घेऊन गोमेकॉत किंवा मडगावला जावं. कुठे जायचं ते कळत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

गोळ्या संपल्याच, तर उरलेल्या पुरवण्यासाठी एक दिवसाआड घेऊ नका, गोळी मोडू नका, दुसऱ्याच्या बाटलीतलं औषध नाव न वाचता घेऊ नका. त्याच दिवशी केंद्रात किंवा डॉक्टरांशी बोला.

एक प्रसंग असा आहे, की ज्यात फार्मसी शोधत फिरणं परवडणारंच नाही. इस्पितळात काम करताना सुई टोचली, लैंगिक अत्याचार झाला किंवा अन्य मार्गाने संसर्गाची शंका आली, तर प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. पहिल्या काही तासांत सुरू झालं तर उत्तम. ते २८ दिवस घ्यायचं असतं. रात्री दुकानं धुंडाळण्यात वेळ घालवू नका, सरळ मोठ्या सरकारी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा.

फार्मसी चालवणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. महिन्याला एक बाटली घेणारं एक जरी कायमचं गिऱ्हाईक असेल, तर त्याची तारीख वहीत लिहून ठेवा आणि आठवडाभर आधी स्टॉकिस्टला सांगा. साखरेच्या औषधाबाबत हे तुम्ही करताच. आणि सरकारकडे मागणी अशी, की साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या जिथे तालुक्याच्या आरोग्य केंद्रात मिळतात, तिथे स्थिर रुग्णाला टीएलडीची बाटलीही मिळावी. वाळपई, काणकोण, सांगे, पेडणे इथल्या माणसाने तपासणीसाठी वर्षातून एक-दोनदा शहरात जाणं समजू शकतं. नुसती बाटली घेण्यासाठी त्याची मजुरी बुडता कामा नये.